आंबा, स्ट्रॉबेरी, चिकू आणि दुधाचा चहा

फळाच्या चवीचा, दूध घातलेला चहा घरी करायचा म्हटले की बहुतेक घरांत नेहमीचे चहाचे पातेले गॅसवर चढते, त्यात सवयीने दूध, साखर आणि पत्ती पडते आणि उकळी आल्यावर वरून आंब्याचा रस किंवा स्ट्रॉबेरीचे तुकडे घातले जातात. पुढे काय होते ते चहा करणाऱ्या कोणालाही सांगायला नको. दूध फाटते, पातेल्यात चोथा-पाणी वेगळे होते आणि मग ‘हे हॉटेलवाल्यांनाच जमते’ असे म्हणून सगळे सिंकमध्ये ओतले जाते. माझ्या मते यात दोष फळाचाही नसतो आणि दुधाचाही नसतो. काय आधी घालावे, काय शेवटी घालावे आणि कोणत्या वेळी पदार्थ गरम असावा की गार, एवढ्याच गोष्टींवर हा चहा उभा असतो, आणि एकदा तो क्रम लक्षात आला की दोनशे रुपयांच्या पुढे मोजून प्यायला मिळणारा पेला घरातल्या ओट्यावर सहज तयार होतो.

खरे तर हा क्रम आपल्या स्वयंपाकघराला नवा नाही. आल्याचा चहा करताना जाणती बाई आले पाण्यातच घालते, ते चांगले उकळू देते आणि मगच दूध ओतते. कच्च्या आल्यात प्रथिने तोडणारे एक विकर (एन्झाइम) असते. ते कोमट-गरम दुधाला भेटले तर दूध घट्ट होते किंवा फाटते, आणि उकळत्या पाण्यात काही मिनिटे राहिले की निकामी होते. चीनच्या दक्षिण भागात याच गुणाचा उपयोग करून आल्याच्या रसाने दूध गोठवून त्याचा गोड पदार्थ करतात. आपल्याकडे मात्र ते टाळण्यासाठी आले आधी उकळते. गुळाच्या चहाचेही तसेच आहे. गुळातल्या आम्लामुळे आणि क्षारांमुळे उकळते दूध फाटते, म्हणून गूळ पातेले उतरवल्यावर घालायचा असतो. फळाच्या चहाला हेच दोन नियम लागतात: विकर असेल तर ते उष्णतेने मारायचे, आणि आम्ल असेल तर त्याला गरम दुधाजवळ फिरकू द्यायचे नाही.

दुधाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितके आंबट) साधारण 6.7 असतो. दुधातले केसिन हे प्रथिन बारीक कणांच्या रूपात पाण्यात तरंगत राहते, आणि सामू 4.6 पर्यंत खाली आला की ते कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. दही लागते ते याच कारणाने. मात्र दूध जितके गरम, तितकी ही गोष्ट लवकर घडते. उकळत्या दुधात थोडासा लिंबाचा रस पडला तरी पनीर तयार होते, आणि बर्फासारख्या गार दुधात तेवढाच रस घातला तर दूध नुसते दाटते. याच्या जोडीला चहाला तुरटपणा देणारे टॅनिनही केसिनला चिकटते. आंबट फळ, कडक चहा आणि गरम दूध हे तिघे एकाच वेळी एका पातेल्यात आले की दूध फाटण्याची सगळी तयारी आपण स्वतःच करून दिलेली असते. तिघांना वेगवेगळे तयार करावे, गार करावे आणि पिण्याच्या वेळी पेल्यात एकत्र आणावे, हा त्यावरचा साधा उपाय आहे. मिल्कशेक पिणाऱ्या प्रत्येकाने तो नकळत केलेला असतो.

मग दुकानातला चहा का फाटत नाही, असा प्रश्न उरतो. दुकानात ‘बबल टी’ म्हणून मिळणाऱ्या या पेयाचा जन्म 1980 च्या दशकात तैवानमध्ये झाला. ताइचुंग शहरातले चुन शुई टांग आणि ताइनान शहरातले हानलिन ही दोन चहागृहे त्याच्या जनकत्वावरून वर्षानुवर्षे न्यायालयात भांडली, आणि 2019 मध्ये न्यायालयाने हे पेटंट घेतलेले पेय नसल्यामुळे कोणी आधी केले हे ठरवण्याची गरजच नाही, अशा अर्थाचा निकाल दिला. तिथे आणि तिथून जगभर पसरलेल्या दुकानांत दुधाऐवजी पुष्कळदा क्रीमरची भुकटी वापरतात. वनस्पती तेल, ग्लुकोज सिरप, थोडे केसिनेट आणि आम्लाला आवर घालणारे फॉस्फेट क्षार यांची ती बनलेली असते, त्यामुळे ती गरम चहात आणि आंबट चवीतही टिकते. फळही बऱ्याचदा फळ नसतेच. रंग आणि सुगंध घातलेली भुकटी असते. यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण गर्दीच्या वेळी दोन मिनिटांत पेला हातात द्यायचा असेल तर तोच मार्ग सोयीचा आहे. आपल्याला घाई नाही आणि घरात खरे दूध व खरे फळ आहे, म्हणून आपली रीत वेगळी.

सर्वांत जास्त लक्ष चहाच्या अर्काकडे द्यावे लागते, आणि नेमके तिथेच लोक दुर्लक्ष करतात. या पेल्यात चहाला फळ, दूध, साखर आणि बर्फ या चौघांमधून आपली चव वर काढायची असते, म्हणून तो नेहमीपेक्षा दुप्पट कडक हवा. पण कडक म्हणजे कडवट नव्हे. मी अर्धा लिटर पाणी खळखळून उकळते, गॅस बंद करते आणि मग त्यात पाच सपाट चहाचे चमचे सीटीसी पत्ती घालून झाकण ठेवते. 1930 च्या दशकात आसाममध्ये सुरू झालेल्या या पद्धतीत चहाचे पान चिरडून, फाडून, गोळी वळल्यासारखे केलेले असते, त्यामुळे त्याचा रंग आणि अर्क फार लवकर उतरतो. चार मिनिटे पुरेशी आहेत. पत्ती पाण्याबरोबर उकळत ठेवायची नाही, आणि गाळताना गाळणीतला चोथा चमच्याने दाबून शेवटचा थेंब काढण्याचा मोह आवरायचा, कारण त्या शेवटच्या थेंबांतच तुरटपणा भरलेला असतो. रोजच्या चहात हा तुरटपणा उकळलेल्या दुधात मुरतो. गार चहात तो जिभेवर सरळ येऊन बसतो.

हा अर्क फ्रिजमध्ये ठेवला की काही वेळाने गढूळ दिसू लागतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो बिघडला असे वाटते, परंतु तसे नसते. गार झाल्यावर चहातले कॅफीन आणि पॉलिफिनॉल एकमेकांना धरून बारीक साका तयार करतात, आणि कडक आसाम चहात हे अधिक दिसते. त्यात दूध पडणारच असल्यामुळे त्याची काळजी करण्याचे कारण नाही. ज्यांना ते खटकते त्यांनी निलगिरीचा चहा घ्यावा. तो गार झाल्यावर पुष्कळ स्वच्छ राहतो आणि सौम्य फळांना दडपतही नाही. पाण्याबद्दल एवढेच सांगते की मुंबईचे नळाचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा जलाशयांतून येते आणि चहाला ते उत्तम आहे. ज्या इमारतींत टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी मिसळले जाते तिथे चहा काळपट होतो आणि वर तवंग धरतो. तिथे पिण्याचे गाळलेले पाणी वापरावे.

थोडा अर्क बाजूला काढून त्याचा बर्फ लावून ठेवावा, ही सूचना मी अगदी आग्रहाने करीन. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईच्या दमट हवेत साध्या पाण्याचा बर्फ गप्पा संपण्याआधी वितळतो आणि पेल्यात फिकट गुलाबी किंवा फिकट पिवळे पाणी उरते. चहाचाच बर्फ असला तर तो वितळताना पेला अधिक चहाळ होत जातो, आणि माझ्या मते शेवटचे दोन घोट पहिल्या दोन घोटांपेक्षा चांगले लागतात.

दूध फुल क्रीम घ्यावे. त्यात किमान 6 टक्के स्निग्धांश असतो, टोन्ड दुधात 3 टक्के, आणि हा फरक गार पेयात फार जाणवतो. पिशवीतले दूध नेहमीप्रमाणे तापवून, पूर्ण गार करून, गाळून घ्यावे. गाळणे इथे महत्त्वाचे आहे. गार चहावर सायीचे तुकडे तरंगू लागले की न फाटलेला चहाही फाटल्यासारखा दिसतो आणि पाहुण्याच्या चेहऱ्यावर शंका उमटते. दुधाला आणखी दाटपणा हवा असेल तर अर्ध्या कपाला एक चमचा दूध पावडर किंवा एक मोठा चमचा कंडेन्स्ड मिल्क मिसळावे. कंडेन्स्ड मिल्क घातले तर साखर कमी करावी. साखर गार पेयात सहज विरघळत नाही, म्हणून समभाग साखर आणि पाणी एकदाच गरम करून त्याचा पातळ पाक बाटलीत भरून ठेवलेला बरा. तारेची वगैरे गरज नाही. साखर विरघळली की पुरे.

आता फळे. बाजारात फळ निवडताना आपण गोडी पाहतो, पण इथे आंबटपणा पाहायचा असतो. चिकू, सीताफळ आणि केळे यांत आम्ल कमी असते, त्यांचा दुधाशी वाद नाही, आणि सीताफळाची बासुंदी व चिकूचा शेक आपल्याकडे आधीपासून का आहेत याचे उत्तरही त्यातच आहे. पिकलेला आंबा मधल्या पायरीवर येतो. स्ट्रॉबेरी, संत्रे, जांभूळ ही आंबट बाजूची मंडळी. अननस, किवी आणि पपई यांची गोष्ट निराळी आहे, कारण त्यांच्यात आल्यासारखीच प्रथिने तोडणारी विकरे असतात. ही फळे कच्ची दुधात घातली की दूध फाटले नाही तरी थोड्या वेळाने कडू होते. अननस साखरेत शिजवून घेतला तर विकर नष्ट होते, आंबटपणा मात्र तसाच राहतो. एवढी खटपट करून जे हाती येते ते मला तरी आवडत नाही. अननस बिनदुधाच्या चहात घालावा, तिथे तो शोभतो.

आंब्यासाठी मी हापूस घेते. रसाच्या वाटीसाठी पायरी आवडणारे आमच्या घरात आहेत आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, पण पायरीचा रस पातळ आणि थोडा आंबूस असतो. चहाला दाट, रेषा नसलेला, आंबट कमी असा गर हवा. क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा दादरला मार्चच्या अखेरीस पेट्या दिसू लागतात तेव्हा दर ऐकूनच परत फिरावे लागते. या कामासाठी मेचा मध्य बरा, कारण तेव्हा डाग पडलेली, पण आतून चांगली असलेली फळे स्वस्तात मिळतात आणि चहाला रूप लागत नाही. आंबा शिजवू नये. शिजवला की त्याचा वास मुरांब्याकडे झुकतो आणि ताज्या फळाचा जो सुगंध आपल्याला पेल्यात हवा असतो तो वाफेबरोबर निघून जातो. गर काढून पुरणाच्या चाळणीतून गाळावा, त्यात किंचित मीठ आणि चवीपुरता पाक घालून फ्रिजमध्ये ठेवावा. उंच पेल्यात तळाला पाव वाटी गर, त्यावर चहाच्या बर्फाचे चार-पाच खडे, त्यावर अर्धा कप गार अर्क आणि सगळ्यांत शेवटी पाव कप गार दूध हळूच सोडावे. वेलची अनेक जण घालतात. मी घालत नाही, कारण वेलची आली की जिभेला आमरस आठवतो आणि चहा मागे पडतो.

स्ट्रॉबेरीचे तंत्र याच्या नेमके उलटे आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी प्लास्टिकच्या डब्यांतून दादर स्टेशनबाहेर विकायला असते. वरच्या थरात मोठी लालभडक फळे आणि खाली बारीक, पांढुरक्या मानेची. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, पण मानांकन खालच्या थराला गोड करू शकत नाही, म्हणून ही स्ट्रॉबेरी शिजवावीच लागते. पाव किलो फळे देठ काढून, चार तुकडे करून पाऊण वाटी साखरेत अर्धा तास ठेवावीत. साखर फळातले पाणी ओढून घेते आणि पातेल्याच्या तळाशी लाल रस जमतो, त्यामुळे वेगळे पाणी घालावे लागत नाही. मग मंद आचेवर ठेवावे. प्रथम कडेने बारीक बुडबुडे येतात, मग मध्यभागी फिकट गुलाबी फेस चढू लागतो. तो चमच्याने काढून टाकला तर रस काचेसारखा स्वच्छ राहतो. तुकडे आधी रंग सोडून फिकट पडतात, आणि आठ-दहा मिनिटांनी तोच रंग पुन्हा शोषून गडद होतात. चमच्याच्या मागच्या बाजूवर बोट ओढले की रेघ टिकून राहिली म्हणजे गॅस बंद करायचा. जॅममध्ये लिंबू पिळतात तसे इथे पिळू नये. आंबटपणा कमी हवा आहे, वाढवायचा नाही. गार झाल्यावर हा पाक काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो.

पेल्यात भरताना साखरेचा जड पाक तळाशी बसतो, त्यावर बर्फ, बर्फावर चमचा उलटा धरून दूध, आणि त्यावर तसाच अलगद चहा. तीन थर दिसतात. लाल आणि पांढऱ्या थरांच्या मधोमध बारकाईने पाहिले तर काही मिनिटांत एक नाजूक, दाणेदार रेषा उमटते: तिथे दूध आंबट पाकाला भेटलेले असते. गार असल्यामुळे ते तेवढ्यावरच थांबते, ढवळल्यावर मोडते आणि जिभेला लागतही नाही. परंतु पेला तासभर फोटो काढण्यासाठी ठेवला तर मात्र ती रेषा जाड होते. दुधात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून फाटणे टाळावे, असा सल्ला काही जण देतात. सोड्याने आम्ल दबते हे खरे आहे, पण स्ट्रॉबेरीचा लाल रंगही त्याने मळकट जांभळा होतो आणि चवीला साबणाची झाक येते. पेला केल्याबरोबर प्यावा, सोडा डब्यातच राहू द्यावा.

सीताफळ या सगळ्यांत मला अधिक आवडते. गणपतीनंतर बाजारात त्याची रेलचेल होते आणि दिवाळीपर्यंत ते मिळत राहते. त्याचा गर अजिबात गरम करायचा नाही, कारण उष्णतेने सीताफळ कडवट होते. बासुंदीतही जाणकार लोक तो गार झालेल्या दुधातच मिसळतात. बिया काढण्यासाठी मिक्सर वापरू नये. मिक्सरमध्ये बिया फुटतात, आणि सीताफळाच्या बिया पोटात जाण्याजोग्या नाहीत. गर स्टीलच्या मोठ्या चाळणीत घेऊन थोडे गार दूध शिंपडत लाकडी डावाने गोल गोल घासला की पाकळ्यांपासून बिया सुटतात आणि खाली रवाळ, पांढरा गर पडतो. काळ्या बिया चाळणीत खडखडत राहतात. याला कडक आसाम चहा चालत नाही. निलगिरीचा हलका अर्क घ्यावा आणि साखर जवळजवळ नको. ज्यांना फळाच्या चहाबद्दल मुळातच शंका आहे त्यांना पहिला पेला सीताफळाचा द्यावा.

चिकू डहाणू-घोलवडचा. तिथल्या चिकूलाही भौगोलिक मानांकन आहे, आणि पश्चिम रेल्वेने मुंबईत येणारा हा माल वर्षातले बरेच महिने मिळतो. चिकू पूर्ण पिकलेला हवा. थोडाही कच्चा असला तर त्याचा चीक आणि तुरटपणा चहाच्या तुरटपणात मिसळून तोंड आवळून टाकतो. याच्या पाकात साखरेऐवजी गूळ घालावा. सगळे गार असल्यामुळे गूळ इथे दुधाला त्रास देत नाही. चिकू, गूळ आणि कडक सीटीसी यांची चव एकमेकांत इतकी मिसळते की पिणाऱ्याला फळ ओळखायला वेळ लागतो.

गरम चहाच हवा, असे म्हणणारेही असतात, आणि जानेवारीच्या सकाळी, मुंबईत थंडी म्हणून जी काही येते तेवढ्यापुरते त्यांचे म्हणणे रास्त आहे. त्यांच्यासाठी संत्र्याची साल आहे. संत्र्याचा सुगंध सालीतल्या तेलात असतो आणि आम्ल रसात असते, त्यामुळे नुसती साल वापरली तर वास मिळतो आणि दूध शाबूत राहते. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळे ती हातानेच सुटते. तिच्या आतला पांढरा, मऊ भाग सुरीने खरवडून काढावा, कारण कडूपणा त्या भागात असतो. दोन कप चहासाठी दोन बोटे रुंद अशा दोन-तीन पट्ट्या घ्याव्यात, उकळत्या पाण्यात पत्तीबरोबर टाकून झाकण ठेवावे आणि गाळल्यावर वेगळे तापवलेले दूध घालावे. गवती चहा आपण ज्या पद्धतीने वापरतो तीच ही पद्धत. रस एक थेंबही नको. साल वापरण्याआधी मिठाच्या कोमट पाण्यात चोळून धुवावी, हे वेगळे सांगायला हवे, कारण फळावरची फवारणी आणि चकाकी आणण्यासाठी लावलेले मेण सालीवरच असते.

जांभळाच्या वाटेला मी जात नाही. त्याचा तुरटपणा, चहाचा तुरटपणा आणि दूध यांचे कधीच जमत नाही. लिची मे-जूनमध्ये येते, तिला दूध अगदी कमी लागते, एवढे सांगून पुढे जाते.

घरात तरुण मंडळी असतील तर पेल्याच्या तळाशी काळे गोळे हवेत, ही मागणी येणारच. माझी भाची दारातूनच विचारते, “मावशी, बोबा आहेत ना?” हे गोळे टॅपिओकाच्या म्हणजे कसाव्याच्या कंदाच्या स्टार्चचे असतात, आणि तमिळनाडूतल्या सेलमकडून आपल्याकडे येणारा साबुदाणाही त्याच कंदाचा असतो, तेव्हा उपासाच्या डब्यातच अर्धी सोय झालेली आहे. मोठा साबुदाणा घ्यावा. खिचडीसाठी भिजवतो तसा भिजवू नये. भरपूर पाणी खळखळ उकळावे, त्यात साबुदाणा कोरडाच सोडून सतत हलवत राहावे, नाही तर तळाशी एकच गोळा होतो. बारा-पंधरा मिनिटांत दाणे बाहेरून पारदर्शक होतात आणि मध्यभागी मोहरीएवढा पांढरा ठिपका राहतो. तेव्हा गॅस बंद करून दहा मिनिटे झाकून ठेवले की ठिपकाही नाहीसा होतो. मग चाळणीवर घेऊन गार पाण्याखाली धुवावे आणि लगेच दाट गुळाच्या पाकात टाकावे.

खरे चावून खाण्याजोगे गोळे हवे असतील तर टॅपिओका स्टार्च आणावे लागते. एक वाटी स्टार्चला पाव वाटीहून थोडे अधिक गुळाचे पाणी पुरते, पण ते पाणी उकळतेच ओतायला हवे. कोमट पाण्यात हे पीठ मळलेच जात नाही. ते परातीत सांडते आणि दाबले की दगडासारखे कडक होते. उकळत्या पाण्याने त्यातला काही भाग शिजतो आणि तोच बाकीच्याला बांधून ठेवतो. गोळे वाटाण्याहून लहान वळावेत, कारण शिजल्यावर ते फुगतात, आणि वीस-पंचवीस मिनिटे उकळून तेवढाच वेळ झाकून ठेवावेत. साबुदाणा असो की हे गोळे, फ्रिजमध्ये ठेवू नयेत. गार जागी त्यांतले स्टार्च घट्ट होते आणि गोळे खडूसारखे लागतात. केले त्याच दिवशी संपवावेत. एवढा उरक नसेल तर सब्जा दहा-पंधरा मिनिटे भिजवून घालावा. फालुदा पिणाऱ्या मुंबईकराला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही, आणि स्ट्रॉबेरीच्या चहात तर तो गोळ्यांपेक्षा बरा लागतो. भाचीला हे मान्य नाही.

पावसाळ्यात, म्हणजे हापूस संपल्यापासून सीताफळ येईपर्यंतच्या काळात, मी रत्नागिरीचा डबाबंद आमरस वापरते आणि त्यात काही कमीपणा मानत नाही. जुलैत मिळणारा महागडा, गोदामात पिकवलेला आंबा घेण्यापेक्षा मेमध्ये भरलेला डबा चवीला सरस असतो. मात्र डब्यावरचा मजकूर वाचून घ्यावा. बहुतेक डब्यांत साखर असते, आणि टिकण्यासाठी सायट्रिक आम्लही घातलेले असते. म्हणून असा रस वापरताना पाक वगळावा, रसाचे प्रमाण थोडे कमी ठेवावे आणि दूध अगदी फ्रिजमधून काढल्या काढल्या घालावे. डबा उघडल्यावर उरलेला रस डब्यातच ठेवू नये. काचेच्या बरणीत काढून दोन दिवसांत संपवावा, किंवा बर्फाच्या साच्यात ओतून गोठवावा. आंब्याचे दोन खडे आणि चहाचे दोन खडे पेल्यात टाकून वर नुसते दूध ओतले तरी भागते. फक्त खडे सुटेपर्यंत पाचेक मिनिटे धीर धरावा लागतो.